‘नौकाविहार’ हा शब्द आधी खोडा

प्रति,
राज्यातील स्काउट-गाइड चळवळीचे पदाधिकारी, जिल्हा संघटक आणि सहलींच्या परवानगीवर सही करणारे शिक्षणाधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाळेत शिकवतो आणि गेली एकवीस वर्षं तिथलं स्काउट पथक सांभाळतो. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, म्हणजे पुढचं उपदेशासारखं वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी घाटावर एका धरणाकाठी मेळावा होता. कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवशी दुपारी ३ ते ५ च्या समोर ‘नौकाविहार’ असं छापलेलं. माझी बावीस पोरं, मी आणि आणखी एक सर असे एका लाँचमध्ये चढलो. बसायच्या जागा पंधरा-सोळा असतील. जॅकेटं होती. टपावर निळ्या ताडपत्रीखाली, नायलॉनच्या दोरीने गठ्ठा करून बांधलेली. होडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, “लागली तर काढू की!” मी मान डोलावली. मधोमध गेल्यावर वारा उठला, दुपारी धरणावर उठतो तसा, आणि लाटा आडव्या यायला लागल्या. दोनदा पाणी आत आलं. पोरं उभी राहिली, एका अंगाला झाली. होडीवाला ओरडला, “खाली बसा रे!” मी माझ्या संघनायकाला गठ्ठा सोडायला सांगितलं. गाठींच्या स्पर्धेत जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा. उन्हात आवळून बसलेली आणि आता भिजलेली ती नायलॉनची गाठ त्याला काही सुटेना. नखं लावली, दात लावले. किनारा आला तरी गठ्ठा तसाच.

काही झालं नाही. उतरलो, कांदाभजी खाल्ली. अहवालात ओळ आली, ‘विद्यार्थ्यांनी नौकाविहाराचा मनमुराद आनंद लुटला.’ त्याखाली माझीही सही आहे.

तेव्हापासून हा ‘विहार’ मला खुपतो. विहार करणारा प्रवासी असतो, त्याला बसवायचं, फिरवायचं, आणून सोडायचं. स्काउटला आपण एरवी असं वागवतो का? तंबू त्याच्याकडून उभारून घेतो, खुंट्या ठोकताना अंगठ्यावर बसली तर बसली. ओल्या लाकडावर चूल पेटवायला लावतो, डोळे चुरचुरले तरी. आणि पाणी आलं की मात्र त्याचं तिकीट काढून त्याला फळीवर बसवतो. पोहता येतं का, विचारत नाही. वल्हं हातात देत नाही. जॅकेटचा पट्टा कसा लावतात तेही दाखवत नाही. सागरी स्काउट ही आपल्याच चळवळीची शाखा आहे, पण कितीतरी पथकांना ती फक्त पुस्तकातल्या चित्रातून माहीत आहे.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे की पाण्यावरचा कार्यक्रम करमणुकीच्या रकान्यातून काढून शिक्षणाच्या रकान्यात टाका. शिक्षण म्हटलं की तयारी आली, चाचणी आली, नापास होणंही आलं.

याच्या उलट टोकाला बंदी आहे. ती का आली ते मी जाणतो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूत चाळीसच्या आसपास विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली, तीन मुली गेल्या. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेटं नव्हती. अशा प्रत्येक बातमीनंतर आमच्याकडे परिपत्रक येतं. सहलीच्या हमीपत्रात एक ओळ वाढते, मुख्याध्यापकांच्या कपाळावर एक आठी वाढते, आणि समुद्र, नदी, तलाव यांच्यापुढे फुली पडते.

आता आमच्या गावातली गंमत सांगतो. माझ्या वर्गातली नऊ मुलं खाडीपलीकडच्या वाडीतून येतात. रोज सकाळी तरीतून, म्हणजे लहानशा होडीतून, दप्तर मांडीवर घेऊन. जून-जुलैच्या पावसातही. त्या तरीत जॅकेट नाही आणि त्याबद्दल कुठलं परिपत्रकही नाही. मात्र त्याच नऊ मुलांना त्याच खाडीत, जॅकेट घालून, दोन शिकवलेली माणसं सोबत ठेवून वल्हं मारायला शिकवतो म्हटलं, तर मला वरून परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. मे महिन्यात ही पोरं कुणाला न विचारता पुलावरून उड्या मारतातच. बंदीने त्यांचं पाणी सुटत नाही, आमचं लक्ष तेवढं सुटतं.

चळवळीच्या जन्मापासून पाणी आपल्यासोबत आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचा पहिला तळ टाकला तो ब्राउनसी बेटावर, जिथे होडीनेच जावं लागतं. आणि अपघातही तितकाच जुना आहे. ४ ऑगस्ट १९१२ ला लंडनच्या वॉलवर्थ भागातलं एक पथक शिडाच्या होडीतून तळावर निघालं होतं. लेसडाउनच्या किनाऱ्याजवळ वाऱ्याच्या एका झोताने होडी उलटली आणि ९ मुलं बुडाली. त्यातली ८ स्काउट होती. तिथल्या चळवळीने पाणी सोडलं नाही. आज जगभरच्या स्काउट संस्थांकडे पाण्याचे बारीक नियम आहेत, ते अशा दुखऱ्या जागांवरूनच आले असणार. अमेरिकेतल्या स्काउटांचंच पाहा. डोक्यावरून पाणी जाईल एवढ्या खोलीत उडी मारायची, १०० यार्ड पोहायचं, त्यातले शेवटचे २५ उताणं, आणि मग पाठीवर तरंगून दाखवायचं. हे जमलं तरच त्या मुलाला ‘पोहणारा’ म्हणतात. होड्यांच्या कार्यक्रमात दर दहा जणांमागे एक शिकवलेला मोठा माणूस लागतो. आपण हे जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तेवढे तलाव कुठले, शिकवलेली माणसं कुठली! पण चाचणी हवीच.

कारण ‘पोहता येतं का?’ या प्रश्नाला आपली मुलं खोटं बोलतात. दोन वर्षांपूर्वी चोवीसपैकी अठरा हात वर झाले. छातीभर पाण्यात, दोराच्या आत, एकेकाला पंचवीस मीटर पोहायला लावलं तर सात जण पोचले. बाकीच्यांचं पोहणं म्हणजे विहिरीत पाठीला डबा बांधून काढलेल्या दोन फेऱ्या. आमच्या आधीच्या पिढीने भोपळा बांधला, पांगाऱ्याचं लाकूड बांधलं, आता तेलाचा रिकामा डबा. शिकायला ते उत्तमच आहे, मीही असाच शिकलो. पण डबा सोडून तरंगता येणं ही पुढची इयत्ता, आणि कितीतरी पोरं ती न देताच पास झालेली असतात.

मुलींचं तर विचारूच नका. गावातली विहीर ही मुलग्यांची शाळा. मुलगी कठड्यावर उभी राहून भावाचे कपडे सांभाळते. आमच्या गाइड पथकातल्या एकोणीस मुलींपैकी पोहता येणारी एक, तीही होडीवाल्याची लेक. गाइड कॅप्टन मॅडमनी चाचणी ठेवली तेव्हा पहिला प्रश्न कपड्यांचा आला. ओढणी, घेरदार कुर्ता, पायात गुंतणारी सलवार घेऊन पाण्यात कसं उतरणार? मग कपडे बदलायला जागा कुठे? पाळी आली असेल तर सांगायचं कुणाला? धक्क्यावर बघायला उभे राहिलेले रिकामटेकडे कोण हाकलणार? मॅडमनी साड्यांचे आडोसे बांधले, टी-शर्ट आणि तंग पँट ठरवली, आणि गावातल्या चार आयांनाच पहाऱ्याला बसवलं. रिकामटेकडे पाच मिनिटांत गायब. तीन महिन्यांनी अकरा मुली जॅकेट न घालता उताण्या तरंगत होत्या. यात तुमच्या कार्यालयातून काय लागलं असतं? एक महिला प्रशिक्षक आणि आडोशाच्या खर्चाचा एक रकाना. तो रकाना आजही नाही.

जॅकेटांचंही असंच. ‘होडीत पुरेशी जॅकेट उपलब्ध आहेत’ या वाक्यावर सगळे समाधानी असतात. मी ती हातात घेऊन पाहतो. चेन गंजून बसलेली. बकलचा एक दात तुटलेला. आतला फोम वर्षानुवर्षं बुडाखाली घेऊन बसल्याने पापडासारखा चपटा झालेला. आणि माप मोठ्यांचं! दहा वर्षांच्या पोराला ते घालून पाण्यात सोडलं तर जॅकेट वर तरंगतं, पोरगं त्यातून खाली सरकतं. म्हणून मी काठावरच प्रत्येकाचं जॅकेट खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढतो. हनुवटी आत गेली तर ते त्याचं नव्हे. लहानांना दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. लेबलवर ५० न्यूटन (जॅकेट किती जोराने तरंगवतं त्याचं माप) लिहिलं असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी आहे. न येणाऱ्याला १०० किंवा त्याहून जास्तीचं द्यायचं. एवढं पाहायला पथकाला वीस मिनिटं लागतात. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, माणसं गेली, आणि त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. सक्तीला धडक लागते, सवयीला फक्त सुरुवात.

एकेका शाळेने जॅकेटं विकत घ्यावीत हे होणार नाही, आमच्याकडे खडूंचे वांधे असतात. जिल्ह्याच्या कार्यालयात पन्नास जॅकेटं ठेवा, तीन मापांत, आणि तंबू देता तशी पावतीवर द्या. तंबू भिजला तर तुम्ही आमच्याकडून लिहून घेता. तसं तुटलेलं बकलही लिहून घ्या.

होडीवाल्याविषयी थोडं जास्त लिहितो, कारण परिपत्रकांत तो नसतोच.

आमच्याकडे एक म्हातारा तांडेल (होडीचा मुख्य चालक) आहे, सत्तरीचा. मी पहिल्यांदा पोरं घेऊन गेलो त्या दिवशी आकाश निळंशार, पाणी सपाट. तो नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून खाडीच्या मुखाकडे बघत होता. म्हणाला, “गुरुजी, वारो बदललो. आज जावचा नाय.” मला काहीच दिसत नव्हतं. पोरं हिरमुसली. तासाभराने मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर पांढऱ्या लाटा फुटायला लागल्या. मी त्याला ठरलेले पैसे दिले तर घेईना, “गेलंयच नाय तर पैसे कसले?” बळेच दिले.

त्या दिवशी मला धरणावरचा तो होडीवाला पुन्हा आठवला. त्याने वारा पाहिला नसेल? पाहिलाच असणार. पण फेरी केली तर पैसे, नाही केली तर दिवस बुडाला. त्याच्या ‘नको’ला किंमत नसेल तर तो ‘चला’च म्हणणार. म्हणून कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात होडी न सोडल्याचे पैसे आधीच धरा, पूर्ण धरा. आणि रद्द करायचा अधिकार तिघांना द्या: होडीवाला, स्काउटर (म्हणजे पथक सांभाळणारा शिक्षक), पहाऱ्यावरचा माणूस. एकाने नाही म्हटलं की विषय संपला. पाहुणे आलेत, उद्घाटन राहिलंय, वार्ताहर थांबलेत, ही कारणं चालायची नाहीत. (पाहुण्यांसाठी होडी थांबवून ठेवली आणि ओहोटी लागली, हा प्रकारही मी पाहिला आहे. प्रमुख पाहुणे चिखलातून चालत आले.)

वेळ तर आपण नेहमीच चुकीची निवडतो. जेवणानंतर, दुपारी तीनला, म्हणजे नेमका वारा भरात असताना. किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून मतलई असते, ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा सुटतो. पाण्यावरचं शिक्षण सूर्योदयानंतरच्या दोन-अडीच तासांत आटपलं पाहिजे. आणि भरतीचं गणित आमच्या आज्यांना तोंडपाठ होतं: तिथीला पाऊणने गुणा. दशमी असेल तर दहा पाऊणे साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण. खाडीत आत आणखी थोडा उशीर. मी मुद्दाम दशमी-एकादशी धरतो. साडेसहाला होड्या सोडल्या तर पाणी आत, गावाकडे ढकलत असतं. कुणाच्या हातून वल्हं सुटलं तरी होडी दांड्याकडे जात नाही, शाळेकडे येते. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, नुकताच झालेला, पाण्याला अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर नसतो. पाउणकी शाळेतून गेली ती गेली, पण माझ्या पथकात पाठ करून घेतो. वेळापत्रक मात्र जिल्ह्याहून येतं आणि त्यात रविवार असतो, तिथी नसते.

पहाऱ्याबद्दल एकच. प्रत्येक कार्यक्रमात फोटो काढायला एक शिक्षक नेमलेला असतो, पाण्याकडे बघायला कुणी नसतो. बुडणारं मूल हात हलवून ‘वाचवा’ ओरडतं हे सिनेमात. खरं बुडणारं मूल गप्प असतं. मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात पाणी खाली दाबताहेत. श्वास घ्यायला जमत नाही तिथे ओरडणार कसं? मिनिटभराचा खेळ. एका माणसाच्या गळ्यात शिट्टी, हातात दोर, खिशात मोबाइल नाही, आणि दर अर्ध्या तासाने बदली. मुलांच्या जोड्या लावलेल्या. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, एकटा हात दिसला की मोजणी थांबवून शोध सुरू. दोराच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन, त्यात वाटीभर पाणी, म्हणजे फेकला की वाऱ्यावर भरकटत नाही. आधी हात किंवा काठी, मग दोर, मग होडी, पाण्यात उडी सगळ्यात शेवटी आणि शिकलेल्यानेच. हे सगळं दहा-बारा वर्षांच्या मुलांना अर्ध्या दिवसात येतं. बाहेर काढलेल्याला पालथं घालून पोट दाबायचं नाही, गरगर फिरवायचं तर नाहीच. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, हे मात्र नीट शिकवणारा माणूस आणून शिकवावं लागतं.

माणसं कुठून आणायची, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षकाचं आणि बोट हाकण्याचं शिक्षण मिळतं. आमच्या तारकर्लीत एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, डायव्हिंगचं केंद्र आहे. दर तालुक्यातून एक स्काउटर आणि एक गाइड कॅप्टन असे दोघे उन्हाळ्यात पाठवा, ड्यूटी धरून, रजा टाकायला न लावता. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातला दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हं धरायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. आमची खाडीतली पोरं आरमारावर दरवर्षी निबंध लिहितात, सिंधुदुर्ग किल्ल्याचं १६६४ साल त्यांना पाठ आहे, आणि वल्हं उलटं धरतात.

शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे. एक वही ठेवा. ‘काही झालं नाही’ अशा प्रसंगांची. वल्हं तुटलं, मोजणीत एक कमी आला आणि झाडामागे सापडला, जॅकेटचा गठ्ठा सुटला नाही. लिहिणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर छापा, नाहीतर पुढची पानं कोरीच राहतील. माझ्या त्या मेळाव्यानंतर अशी वही असती, तर त्याच लाँचमध्ये दुसऱ्या दिवशी चढलेल्या पथकांना टपावरची दोरी आधी कापायला कुणीतरी सांगितलं असतं. मी स्वतः सांगायला हवं होतं. अहवाल चांगला दिसावा म्हणून गप्प बसलो.

येत्या मार्गशीर्षात शुद्ध दशमीला सकाळी साडेसहाला आमच्या धक्क्यावर सहा होड्या, चोवीस स्काउट आणि अकरा गाइड असतील. परवानगीचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी तुमच्याकडे पोचता केला आहे. तुमच्यापैकी जो कुणी येईल त्याने आपलं छातीचं माप आधी कळवावं. जॅकेट काढून ठेवतो.

आपला,
खाडीकाठचा एक स्काउटर

ता.क. पाहुण्यांनाही पोहण्याची चाचणी आहे.